आमेन कधी झालं

आईनं मला तीन तंबूंत नेलं होतं.
तिन्ही ठिकाणी कानांत तेल ओतलं.
पहिल्यांदा खोबऱ्याचं, मग लाल पाम तेल,
तिसऱ्याचा फक्त वास आठवतो.
माणसं कानाशी तोंड आणून ओरडायची.
मला कळायचा त्यांचा श्वास:
कांदा, सुकी मासळी, उपवास.
कानांत तेल घालून ऐकणं म्हणतात ते हेच असेल,
तर मी ऐकलं, जेवढं जमलं तेवढं.

शाळा व्होल्टा सरोवराच्या वरच्या अंगाला,
पत्र्याची, आधीचं कोकोचं गोदाम.
आगबेको मास्तर स्वतः बहिरे.
घंटेच्या जागी त्यांची लाल फडक्याची काठी,
आणि वर्गात मुद्दाम घातलेली लाकडी जमीन.
त्यांनी टाच आपटली की हाक
आमच्या तळपायांतून वर चढायची.

पहिल्याच दिवशी मला नाव मिळालं.
सेफाकोर हे आईनं ठेवलेलं, मी कधीच न ऐकलेलं.
हे दुसरं: हनुवटीवर करंगळीची एक रेघ,
जिथं मला कोयता लागला होता.
रात्री पांघरुणात मी ते स्वतःला
पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं.
सात वर्षं बिननावाची होते,
हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी प्रार्थना, कंदिलाभोवती.
मास्तरांचे हात पिवळ्या उजेडात,
भिंतीवर त्यांच्याहून मोठे.
आम्ही डोळ्यांत प्राण आणून पाहायचो.
काच काजळली की सेनाम उठून पुसायचा,
कारण देव त्या काचेइतकाच स्वच्छ दिसायचा.

मग शहरातून पास्टर आले,
सोबत चार माणसं, एक कॅमेरा,
तांदळाची अकरा पोती.
त्यांनी हात जोडले, डोळे मिटले,
आणि त्याआधी आम्हाला खूण केली: मिटा.
मास्तरांनी काही सांगायला हात उचलले,
पोत्यांकडे पाहिलं,
हात खाली घेतले.

एक्केचाळीस मुलांनी डोळे मिटले.

तुम्हाला काय सांगू,
तुमच्या अंधारात निदान कुणी खोकतं.

गुडघ्यावर माशी.
कुठून तरी शिजत्या कसाव्याचा वास.
देवाला काही सांगावं म्हणून मी बोटं हलवली,
मग वाटलं,
त्यानंही मिटले असतील तर?

आमेन झालं होतं. फोटो निघाले होते.
गाडी उताराला लागली तेव्हा
जमिनीतून एक थरथर आली.
मला वाटलं, तोच आला.

मग टाच. एकदा.
पुन्हा, इतक्या जोरात की फळी तडकली.
डोळे उघडले तर समोर मास्तर,
गाल ओले, हात हवेत:
माफ करा.
मग: पुन्हा कधी नाही.
मग, शेवटी मास्तरच ते:
पोती आत न्या, उंदीर लागतील.

डेलाली मात्र दाराशी बसून होता,
जिथं फळ्या संपतात आणि सिमेंट लागतं.
पाच वर्षांचा, पापण्या घट्ट आवळलेल्या,
कपाळावर घाम.
मी खांद्याला हात लावला.
त्यानं न बघताच माझा तळवा शोधला
आणि त्यात बोटानं विचारलं:
संपलं?

आता त्या वर्गात मी शिकवते.
वीज आली आहे, आठवड्यातले चार दिवस.
तडकलेली फळी मी बदलू दिली नाही,
तिथं पाय अडखळतो सगळ्यांचा.

कधी कधी रविवारी आई येते.
म्हातारी झाली. खुणा येतात तिला वीस-पंचवीस,
बहुतेक जेवणाच्या.
प्रार्थनेला मागच्या बाकावर बसते
आणि जुन्या सवयीनं डोळे मिटते.
ओठ हलतात. ती काय मागते, मला माहीत आहे,
अजून तेच.

मी मधेच थांबते, मुलांसमोर,
तिच्यापर्यंत चालत जाते,
गुडघ्यावर दोन बोटं वाजवते.

ती एक डोळा उघडते.