डिझेलचं चार्जिंग

उणे एकोणतीस.
पहाटे पावणेचारला औलूच्या डेपोत
पहिली बस खोकते, बाकीच्या नुसत्या जाग्या होतात.
खोकणाऱ्या सतरा, न खोकणाऱ्या एकेचाळीस,
असा सध्या आमचा संसार.

वेळापत्रक मी लावते. म्हणजे लावत असे,
कागदावर, रंगीत पेन्सिलींनी,
एका गाडीची एक रेघ, पहाटेपासून रात्रीपर्यंत,
आणि रेघ तुटली की तिथे रिकामी फेरी:
दिवे लावून, पाटी कोरी ठेवून,
कुणालाही न घेता शहर ओलांडणारी बस.
तिचा खर्च कुणाच्याच तिकिटात बसत नाही.

आता यंत्र लावतं. मी त्याला अटी भरवते.
अंथरूण पाहून पाय पसर, एवढं सांगायला
मला अडीचशे ओळी लागल्या.
या बॅटरीचं अंथरूण जुलैत दोनशे दहा किलोमीटर,
जानेवारीत हीटर लावला की एकशे वीस,
आणि दार जितक्यांदा उघडेल तितकं आणखी आखूड.
शेवटच्या थांब्यावर खांबाचा हात खाली येतो,
बसच्या टाळूवर टेकतो.
अकरा मिनिटं.
तेवढ्यात ती पुढच्या दोन फेऱ्यांपुरतं जेवते.

यंत्राने रात्रभर दळलं
आणि सकाळी एक बस वाचवून दिली.
एक अख्खी बस!
आमचा प्रमुख ताउनो दालचिनीचे पाव घेऊन आला.
तो मंगळवार.

गुरुवारी हिल्का आली. डिझेलवाली, गाडी सहाशे चौदा.
बूट झटकले, टोपी काढली नाही.
थर्मास माझ्या टेबलावर ठेवला.
"उचलून बघ."
भरलेला होता.
"संध्याकाळचे पाच वाजलेत. एकतीस वर्षं गाडी चालवतेय,
आता कॉफी सोडली.
कोइवुरांताला तू मला दोन मिनिटं देतेस.
संडास थांब्यापासून नव्वद पावलं. बर्फात एकशे दहा.
एन्सिओला त्याच थांब्यावर अकरा मिळतात.
का, तर त्याची बस भुकेली असते.
माझ्या बसला काही लागत नाही, म्हणून मलाही नाही?"

ती गेली. मी निकाल उघडला.
यंत्राने लबाडी केलेली नव्हती.
जिला थांबावंच लागतं तिला थांबू दिलं,
आणि जिथे जिथे वेळ आवळायचा होता
तिथे तिथे न दमणारी गाडी जुंपली.
मऊ लागलं, कोपराने खणलं.
सतरा गाड्या, चौतीस चालक,
आणि माझ्या अडीचशे ओळींत माणूस हा शब्द एकदाच,
पगाराच्या रकान्यात.

पेन्सिलीच्या काळात मी हे कसं टाळत होते?
टाळत नव्हते.
तेव्हा माझी रेघच जाड असे.
तिच्या जाडीत माणसं मावून जात.

यंत्रात थांबण्याला कारण एकच: चार्जिंग.
दुसरं कारण हवं तर अर्ज, मग समिती, मग मे महिना.
मी सतराही डिझेल गाड्यांपुढे लिहिलं,
चार्जिंग: सहा मिनिटं.
यंत्राने हूं की चूं केलं नाही.
रात्रभर दळलं
आणि वाचवलेली बस सकाळी परत मागितली.

ताउनोने कागद वाचला. चष्मा लावून पुन्हा वाचला.
"डिझेलचं चार्जिंग?"
"हो."
"संडास किती लांब म्हणालीस?"
"नव्वद पावलं. बर्फात एकशे दहा."
तो बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसला.
"मग सहाने काय होतंय," म्हणाला.

आठ केले.

थर्मास माझ्याच टेबलावर राहिला होता.
आतली कॉफी गार, शाईसारखी काळी.
धुतला, डेपोच्या खिडकीत पालथा घातला.
पहाटे पहिली बस खोकली तेव्हा पाहिलं:
काचेवर ओल्या तळाचं एक वर्तुळ, गोठलेलं.
थर्मास नव्हता.