कपाटाखालची फरशी

सोहार. रात्रीचा दीड.
दिवा लावायची परवानगी फक्त स्वयंपाकघरात,
म्हणून सिलिंडरला पाठ टेकून बसलोय,
मांडीवर पुतण्याने धाडलेलं भूमितीचं पुस्तक,
नखांत अजून पांढरं ग्राउट.
शनिवारी सुपरवायझर कोर्सचा पहिला पेपर, मस्कतला.

काटकोन मला नवा नाही.
सुतळीला गाठी मारायच्या,
तीन, चार, पाच अशी ताणायची,
कोपरा चोख येतो.
बारा वर्षं असाच आणला, आठ-नऊशे बाथरूमांत.
पुस्तक विचारतं, कशावरून?
हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.
फोरमन फक्त विचारतो, कधी?

ज्या घरात सध्या काम चाललंय
तिथला म्हातारा, सालिम बिन नासिर, रिटायर मास्तर,
माझ्या पिशवीतली आकृती बघून ओरडला, "उक्लीदिस!"
जसा काही मागच्या गल्लीतला त्याचा चुलता.
ओल्या सिमेंटवर काठीने त्रिकोण काढला,
पायाचे दोन्ही कोन दाखवले, हसला.
तो तुकडा मला पुन्हा घोटावा लागला.

पक्ष. साध्य. रचना. सिद्धता.
रचना येते. सिद्धतेला हात अडतो.

तर्काच्या धड्याशी मात्र
पुस्तक मिटून पाणी प्यायलो.

"जर थकलेला पगार झाला, तर ईदला येईन."
हे पुस्तकातलं नाही.
मी मैमुनाला म्हटलेलं, रमजानच्या आधी, फोनवर.
गेलो नाही.
ती सातवीत शाळा सुटलेली, हर्णैला कोळंबी सोलणारी,
कुणी न शिकवता म्हणाली,
"आलात नाय, म्हंजे पगार झाला नाय. असू दे."
आणि शेजारणीकडून चार हजार उसने घेतले.

हाच तो नियम, पान एकशे सात.
जर क, तर ख. ख नाही. म्हणून क नाही.
तिची सिद्धता बिनचूक.

पगार झाला होता.
तिकिटाचे पैसे फीमध्ये गेले,
थोडे कंपासपेटीत.
तिच्या एकाही पायरीत चूक नाही,
चूक पहिल्या विधानात आहे, आणि ते माझं.

खोलीच्या भिंती कधीच काटकोनात नसतात.
आम्ही दारापासून सरळ ओळ धरतो,
फरक सरकवत सरकवत मागे नेतो,
जिथं कपाट येणार असतं तिथं.
तिरकी कापून बसवायची फरशी. कोण बघतंय.
वहीत असं कपाट कुठं ठेवायचं?

अश्रफ पाणी प्यायला उठला,
आकृती उलट्या बाजूने बघून म्हणाला,
"कुणाचं घर?"
मी म्हटलं, झोप.

मग नवं पान घेतलं. लिहिलं,
पक्ष: पगार झाला होता.
साध्य:

इथे अडीच. तिकडे चार,
तिची उठायची वेळ.
फोन चार्जिंगला लावलाय, फ्रिजवर, हाताच्या अंतरावर.
मी रेघ मारायला पट्टी शोधतोय.