तोंड मोजताना

भुंगा फुटाळ्याच्या दिव्याखाली सापडला,
पाठीवर पडलेला, सहाही पाय आभाळाला लावून.
आगपेटीत घालून मी त्याला
अमरावती रोडवरच्या प्रयोगशाळेत आणला,
मधोमध कापला, आगरच्या बशीत ठेवला
आणि झाकणावर लिहिलं:
बशी सतरा, नंदनवार, १९ मे.

ते त्याच्या अंगात आधीपासूनच होते.
न खाता, न वाढता, तोंड मिटून,
भुंगा मरायची वाट पाहत.
घाई नाही.
यजमान गेल्यावरच ही पंगत बसते.

बाहेर शेहेचाळीस. पेटीत वीस.
वीज गेली की मी आधी त्यांच्याकडे धावते.

सूत्रकृमी. मिलिमीटरभर लांब.
एकाच आईची पोरं, वारसा शेवटच्या अक्षरापर्यंत तोच,
तरी काहींचं तोंड अरुंद, एकच दात,
जीवाणूंची साय चाटण्यापुरता;
काहींचं रुंद, दोन दात, आकड्यासारखे,
शेजाऱ्याला फाडायला.
जनुकांना विचारावं तर ती दोन्हीकडून साक्ष देतात.
ठरतं ते बालपणात:
बशीत गर्दी किती, साय किती उरली,
पायाखाली घट्ट आहे की हलतं पाणी.
आणि एकदा शेवटची कात टाकली
की जे तोंड आलं ते आलं.

दात आहेत तर चणे नाहीत, असं आपण म्हणतो.
इथे चणे संपले
म्हणून दात आले.

हे वाक्य मी प्रबंधात लिहिलं होतं.
उमाठे सरांनी त्यावर लाल रेघ मारली,
समासात एकच शब्द: संदर्भ?

संदर्भ तांडापेठेत राहतो.
माग विकले तेव्हा मी नऊ वर्षांची.
तोवर आई हळू बोलायची,
खरं तर बोटांनीच बोलायची,
तुटलेला धागा थुंकी लावून जोडताना.
मग तिने गोळीबार चौकात पोह्यांची गाडी लावली
आणि दोन महिन्यांत तिला दुसरा दात आला.
उधारीवाला, महापालिकेचा माणूस,
गाडी रोज वीतभर आत सरकवणारा समोसेवाला,
सगळ्यांना तिने तोंडानेच सोलून काढलं.
रात्री मात्र तर्रीचं पातेलं घासता घासता
आमच्या केसांवरून ओला हात फिरवायची.
गप्प.

रविवारी तिला इथे घेऊन आले.
सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती बराच वेळ हललीच नाही.
"हे तं सूत हाय वं," म्हणाली.
"जितं सूत."
मग मी न सांगताच मोजायला लागली,
ताण्याचे धागे मोजायची तशी, ओठ न हलवता.
शंभरात रुंद एकाहत्तर, अरुंद एकोणतीस.
माझी मोजणी अडुसष्ट-बत्तीस होती.
पुन्हा मोजलं. एकाहत्तर.

मग तिला ते दाखवलं
जे पाहून मीही अजून पुरती सावरलेले नाही:
रुंद तोंडाची एक, वाटेत येईल ते फाडत निघालेली,
परक्या जातीची चार पिल्लं फस्त केलेली,
स्वतःच्या पिल्लापाशी थांबली.
तोंड टेकवलं.
आणि बाजूने निघून गेली.
कातडीवरची प्रथिनाची एवढीशी खूण
ओळख पटायला पुरते,
मी समजावलं.

आईने मान हलवली, पर्स उचलली,
उद्याचे कांदे आणायचे होते.
दारात थांबून म्हणाली,
"अन् लयच उपाशी ठेवलं तं?
तवाबी वळखन?"

मला उत्तर आलं नाही.
सरांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता.
मीही नाही.

संध्याकाळी नवी बशी घेतली. साय घातली नाही.
झाकणावर लिहिलं:
बशी अठरा, उपाशी,
नंदनवार आणि नंदनवार.
तारीख टाकायची राहिली.