दोन्हीकडून उघडणारी वही

भुसावळला, पार्सल ऑफिसच्या मागच्या खोलीत,
दर रविवारी माणशी चार आणे.
लिहिणारा मी, शालोम वाक्रुळकर, कारकून.
त्यांच्या लेखी मी यहुदी,
माझ्या लेखी ते आधी गोरे.

पहिल्याच दिवशी हमालानं विचारलं, "कथाईन उनात?"
डॉक्टर आउसपित्सला तो नमस्कार वाटला.
पुढे सात वर्षं, दारात येईल त्याला
हॅट काढून तो म्हणायचा, कथाईन उनात,
आणि उत्तराला न थांबता खुर्ची सरकवायचा.

जमाखर्च मी डावीकडून मांडायचो, मराठीत.
पिंखस शिंपी वही उलटी करून
शेवटच्या पानापासून, उजवीकडून, यिद्दिशमध्ये.
एकदाच दीड आणा चुकला.
दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

व्याज नाही, तारण नाही, हा पहिला नियम.
पण हेडविगबाईंना तसं घेणं जमेना.
शिवणयंत्राला साठ रुपये उचलले
आणि नवऱ्याचा लोकरी ओव्हरकोट खुंटीला अडकवला.
मे महिना. यार्डातल्या रुळांना हात लावायची सोय नाही.
त्या कोटाकडे बघूनच आम्हाला घाम फुटायचा.
नवरा कुठे आहे
हे कुणी विचारलं नाही.

तिकडून पत्र आलं की प्रार्थनेला दहा पुरुष लागत.
भरायचे नऊ.
मग नागपूर पॅसेंजरचा गार्ड, आमचाच पेझारकर,
कंदील हातात तसाच धरून यायचा,
कद्दिशला आमेन म्हणायचा,
आणि गाडीच्या उशिराचं कारण लिहायचा:
इंजिनात पाणी भरले.

लढाई संपली. एकेक गेला,
हैफा, मेलबर्न, एक तर नुसता नाशिकला.
हेडविगबाईंनी शेवटचा हप्ता फेडला,
कोट नेला नाही.
माझ्याकडे राहिली वही, खुंटी,
आणि डब्यात सदतीस रुपये सहा आणे,
जे माझे नव्हते.

अठ्ठेचाळीसच्या जानेवारीत फलाटावर सिंधी उतरले.
होतचंद नावाचा एक म्हातारा, अंगात मलमलचा सदरा,
तापीवरून वारा येत होता.
कोटाच्या बाह्या त्याला बोटांपलीकडे गेल्या.
माझ्या तोंडून निघून गेलं, कथाईन उनात?
तो सांगू लागला.
मी थांबलो. दोन गाड्या निघून गेल्या.

मग नियम सांगितले, वही पुढे केली.
त्यानं ती सरळ उजवीकडून उघडली.
पिंखसच्या ओळींवर बोट फिरवलं,
वाचता येईना, तरी दिशा ओळखीची.
शेवटच्या ओळीखाली टाक टेकवून
त्यानं पहिली नोंद केली
आणि मला वाचून दाखवली:
होतचंद, चार आणे. उधार.