विरजण

अहमदीच्या दक्षिणेला, सात नंबरच्या कुंपणाआड
जमीन काळी आहे. आपल्याकडची काळी नव्हे.
बूट ठेवला की खारीसारखा पापुद्रा मोडतो
आणि खालून एका लढाईचा वास येतो,
मी दुसरीत होतो तेव्हाच्या.

पहिल्या दिवशी मी विचारलं, खणायचं कधी?
शौकी हसला. खणून टाकणार कुठे,
दुसऱ्या कुणाच्या दारात?
हिला इथंच बरं करायचं. पडल्या जागी.

म्हणून हे भोकाभोकांचे पाइप, ओळीनं पुरलेले,
हा पंखा, रात्रभर मातीच्या पोटात हवा फुंकणारा.
युरिया मोजून.
पाणी त्याहून मोजून.

खरं काम करणारे डोळ्यांना दिसत नाहीत.
बदरिया मॅडमनी त्यांना याच मातीतून वेगळं काढलं,
बाटलीत वाढवलं, परत इथंच सोडलं.
विरजण, मी म्हणालो. मराठीतच म्हणालो.
मग अर्धा तास हातवारे:
कोमट दुधात चमचाभर, झाकून ठेवायचं, हलवायचं नाही.
त्यांनी वहीत काहीतरी टिपून घेतलं,
उजवीकडून डावीकडे.

आधी बाहेरून आणलेले जंतू टिकले नव्हते.
पन्नास डिग्रीत, खारात, पहिल्याच आठवड्यात गेले.
अहवालात हे एका ओळीत आहे.
ती ओळ मी गरजेपेक्षा जास्त वेळा वाचली.

दर रविवारी नमुने. वीतभर, हातभर, पुरुषभर खोल.
मोफिज्जल टँकर उभा करतो, इंजिन बंद करत नाही,
घरी मुलीचं दहावीचं वर्ष आहे, एवढंच सांगतो.
आकडा उतरतो. ताप उतरतो तसा नाही,
मेंदी उतरते तसा,
नखांपाशी अडून.
जुलैत तर तेही नाही.

पाइप नऊपाशी अरफजचं एक रोप आलं, बोटभर.
मी फोटो काढला. शौकी म्हणाला, हे धरू नकोस,
ते वाऱ्यानं आणलेल्या वाळूत उभं आहे,
खाली अजून तेल आहे.
फोटो मी पुसला नाही.

मार्चमध्ये माझा करार संपतो.
आकड्याला अजून सहा-सात वर्षं लागतील.
नवा मुलगा आलाय, इलामचा, कृष्णबहादूर,
थंडीतलं जाकीट घालून उन्हात उभा.
त्याला चाव्या दिल्या, पंख्याची चाळणी दाखवली,
गुरुवारी झटकायची.
आणखी काही?

मी म्हटलं, उकरून बघू नकोस,
लागलं की नाही म्हणून.