लागणं

जयगडच्या जेटीवर कोळशाचं जहाज अडकलंय,
आज अकरावा दिवस.
कंबोडियाचा वुथी माझ्या टपरीत वही उघडून बसतो:
एवढंसं ‘गेट’, त्याचे अर्थ किती!
पगार गेट. ताप गेट. घरी गेट.

मी म्हणते, आमचं ‘लागणं’ बघ,
बोट धक्क्याला लागते
आणि माणसालाही बोट लागते.
गळाला सुरमई,
रात्री डोळ्याला डोळा. कधी नाहीच.

तो हसतो. त्यांच्यात म्हणे ‘बान’ आहे:
क्रियापदाआधी आलं तर झालं,
नंतर आलं तर जमेल.
मग लिहितो, घरी जाणं.
‘बान’ कुठे ठेवायचं,
पेन्सिल तिथेच घुटमळते.

उठताना विचारतो, चहाचे किती?
लागत नाहीत, म्हटलं.
तेही त्यानं वहीत उतरवलं.