अकरावा तास

बिटकोजवळ, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर
इंग्रजी संभाषणाचा वर्ग भरतो.
बावीस पोरं नोकरीसाठी येतात. तेविसावा मी,
रिटायर झालोय आणि बोटं स्वस्थ बसत नाहीत म्हणून.
एकतीस वर्षं नोटांच्या छापखान्यात नंबर तपासले.
सहाचं पोट, साताची शेपटी,
एकाच्या डोक्यावर सांडलेला शाईचा ठिपका :
चुकलेली नोट मला झोपेतही दिसायची.

रूथ भालेराव मॅडम, शरणपूरच्या,
आज फळ्यावर आकड्यांचे वाक्प्रचार लिहितात.
क्लाउड नाइन : नवव्या ढगावर असणे. म्हणजे परमानंद.
मी वहीत उतरवलं, आणि बाजूला पेन्सिलीनं :
आपल्याकडे नऊ नाकाशी येतात.
फॉर्टी विंक्स : चाळीसदा पापणी मिटणे. म्हणजे डुलकी.
दुपारी घरी करून पाहिलं,
एकोणिसाव्याला शेजारच्या कुकरनं शिटी मारली.
सिक्सेस अँड सेव्हन्स : सहा आणि सात. म्हणजे गोंधळ.
इथं मात्र मी हात वर केला.
मॅडम, सहानंतर सातच येतो. गोंधळ कुठाय?
सहानंतर आठ आला असता तर
आमच्याकडे चौकशी बसली असती.
पोरं हसली. मॅडमही हसल्या, म्हणाल्या,
पगारकाका, मग तुमच्यात तीन-तेरा का वाजतात?
सांगता आलं नाही.

मग विचारायचं नव्हतं ते विचारलं.
छत्तीसचा आकडा, त्याला इंग्रजीत काय म्हणतात?
त्यांनी इंग्रजी छत्तीस काढला.
तीन डझन, म्हणाल्या. बाकी काही नाही.
मी उठलो, खडू घेतला आणि शेजारी आपला काढला : ३६.
पाठीला पाठ. याचं तोंड खिडकीकडे, त्याचं दाराकडे.
मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं,
अय्या, दोन्ही सेमच आहेत की.

धाकटा दशरथ मोहाडीला असतो. द्राक्षं आहेत.
बांधावरची पाइपलाइन, अडीच गुंठे,
आणि चार लोकांत त्यानं सुनावलेले चार शब्द.
त्या चारांतले तीन वारले.
शब्द चारही शाबूत.

वर्ग सुटताना शेवटचं : इलेव्हन्थ अवर.
अकरावा तास. म्हणजे अगदी शेवटच्या घटकेला.
मॅडमनी लहानपणी चर्चमध्ये ऐकलेली गोष्ट सांगितली :
मळा द्राक्षांचा. मालक सकाळपासून मजूर आणतोय.
शेवटचे आले तेव्हा ऊन उतरलेलं,
दिवसाचा तासभर उरलेला.
आणि संध्याकाळी रोज सगळ्यांना सारखाच.
हा अन्याय आहे, पोरं म्हणाली,
सातपूरच्या कंपनीत चालेल का असं?
सकाळी आलेले मजूरही हेच म्हणाले, मॅडम म्हणाल्या,
आणि फळा पुसला.

आपल्याकडे बारा वाजले की संपलं.
त्यांच्याकडे अकराव्यालाही माणूस घेतात.

गुरुवारी मोहाडीची एसटी धरली.
सेकंड थॉट्स म्हणजे दुसरा विचार.
मला तिसरा आला, म्हसरूळ मागे पडताना चौथाही.
त्यांना इंग्रजीत नाव नसावं.

मळ्यात तोडणी चाललेली. क्रेट, कात्र्या,
डोक्याला रुमाल बांधलेल्या बाया,
पानांखाली उतरलेलं पाचचं ऊन.
दशरथ काट्यापाशी वजनं लिहीत होता,
पाठ माझ्याकडे.
काय बोलायचं ते मीही गाडीत पाठ केलेलं.
ते मराठीत होतं का इंग्रजीत, आठवेना.
चपला वाजल्या असतील, किंवा माझा खोकला.
वळला नाही. वहीवर पेन टेकवून म्हणाला,
बघ रे जरा, अकरा आहेत का सतरा.
वरची काडी गेलीय डिस्प्लेची.

मी वाकलो. अकराच दिसत होते.
क्रेट उचलून दोन्ही हातांवर तोलला.
सतरा, म्हटलं.
त्यानं लिहिलं.
ठेव, म्हणाला. पुढचा घे.